अंडी का थांबतात?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी नववीत मनात रुजवलेल्या एका प्रश्नाविषयीच लिहावेसे वाटले. एकाच रेशीमपतंगाच्या जातीची काही अंडी दहा-बारा दिवसांत उबतात आणि काही महिनोन्महिने तशीच राहतात, असे का? पुढे रेशीम संशोधनातच नोकरी झाली आणि उत्तर किती देखणे आहे हे उमगत गेले.

अंड्याचे भवितव्य आईच्या शरीरात ठरते. बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या, जातीत तर आई स्वतः अंड्यात असताना तिला मिळालेली ऊब निर्णायक असते; २५ अंश सेल्सिअसला उजेडात उबवलेली मादी पुढे सुप्त अंडी घालते, तर १५ अंशांवर अंधारात उबवलेल्या मादीची अंडी थांबत नाहीत. हा निरोप कोषावस्थेत अन्ननलिकेखालच्या चेतागाठीतून स्रवणाऱ्या संप्रेरकामार्फत बीजांडांपर्यंत जातो. जपानमध्ये फुकुदा आणि हासेगावा यांनी १९५१ मध्ये, स्वतंत्रपणे, हे दाखवून दिले. अवघ्या २४ अमिनो आम्लांची ती साखळी आहे!

त्यापुढची रसायनक्रिया मला सर्वांत भावते. बलकाचे मुख्य प्रथिन मादीच्या मेदपिंडात तयार होऊन रक्तावाटे अंड्यात येते आणि ते दोन्ही प्रकारच्या अंड्यांत असते. संप्रेरकाचा प्रभाव दिसतो तो ट्रेहॅलेज या विकरावर. त्याची क्रियाशीलता वाढली, की रक्तातील ट्रेहॅलोज शर्करेपासून सुटलेले ग्लुकोज बीजांडात शिरते आणि ग्लायकोजेनचा साठा भरतो. अंडी घातल्यावर दोनेक दिवसांत पिवळसर कवचाआडून तपकिरी आणि मग करडी-जांभळी छटा उमटते. त्याच सुमारास साठ्याचे सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल होऊ लागते. पुढे पाच अंशांच्या आसपास दोन-तीन महिने थंडी मिळाली, की सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज हे विकर कामाला लागते, सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन होते आणि ऊब मिळताच गर्भ वाढू लागतो.

तुती लावलेल्या शेतकऱ्याला मात्र इतके थांबणे परवडत नाही. म्हणून अंडी घातल्यापासून सुमारे वीस तासांनी ती ४६ अंशांच्या हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटे बुडवून लगेच धुतात, म्हणजे सुप्तावस्था लागतच नाही. ती घटका टळली, तर शेतात पाला तयार असूनही अळी अंड्यातच राहते. या कामातली शिस्त मी अत्यंत मोलाची मानतो. आजच्या नववीच्या वर्गाला हा रंगबदल भिंगाखाली पाहायचा असल्यास अंडीपुंजांचा एक कागद मी आनंदाने शाळेत पोहोचता करीन.