आधी म्हशीचं दावं सोडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा लिहिण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटले होते. प्रत्यक्षात लिहायला बसले आणि लेखणी बाईंच्या पलीकडे जाईना. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोणत्या बाई हे सांगावे लागत नाही, म्हणून त्यांचे नाव इथे लिहीत नाही.

शनिवारची शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात बाईंचा नाटकाचा तास भरत असे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिथल्या मुलांनी दर स्नेहसंमेलनात दुसऱ्यांचीच नाटके पाठ करून म्हणावीत, याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. दर वर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, त्या आम्हांला कोऱ्या वह्या देत. तासाचा नियम एकच होता : आपण लिहिलेले आपण वाचायचे नाही. ते दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, लिहिणाऱ्याने शेवटच्या बाकावर गप्प बसून ऐकायचे आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. बाई स्वतः आमचे वाक्य कधी दुरुस्त करत नसत. पात्राला या क्षणी काय हवे आहे आणि त्याच्या आड कोण येते आहे, एवढेच विचारत.

2005 च्या महापुराच्या वर्षी मी नववीत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेले आणि शाळा बंद झाली. ती पुन्हा भरल्यावर मी पुरावर एकांकिका लिहिली. घर सोडायला तयार नसलेली आजी आणि तिला न्यायला आलेला मुलगा, एवढीच गोष्ट होती. आजीच्या तोंडी मी पानभर भाषण घातले होते : या भिंतींशी माझ्या आठवणी जोडलेल्या आहेत, हा उंबरठा मी कसा ओलांडू, असे पुष्कळ काही. शेवटी कंसात ‘रडते’ असेही लिहिले होते. माझ्या मते एकांकिकेतील सर्वांत उत्तम पान तेच होते.

बाईंनी ती वही कृष्णाकाठच्या गावातून सायकलवर येणाऱ्या, वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका मुलाच्या हातात दिली. त्या पुरात त्याच्या घरात पाणी शिरले होते, हे मला ठाऊक नव्हते. अर्धे भाषण वाचून तो थांबला आणि खाली पाहत म्हणाला, “बाई, आमची आजी असं काय बोलली न्हाई.” बाईंनी हळूच विचारले, “मग काय म्हणाली रे?” तो म्हणाला, “नाव आली तवा ती म्हणाली, आधी म्हशीचं दावं सोडा.”

वर्गात कोणी बोलेना. तेवढ्या एका वाक्यात त्या आजीचे घर, तिची काळजी आणि दाराशी आलेले पाणी, सगळे उभे राहिले होते; शिवाय पुढे कोणीतरी उठून काहीतरी करणे भाग होते, जे माझ्या पानभर भाषणाने होत नव्हते. मी लगेच ते वाक्य उतरवू लागले, तेव्हा बाईंनी मला थांबवले. “त्याच्या घरातलं वाक्य आहे. आधी त्याला विचार.” मी विचारले, त्याने मान हलवली आणि मगच माझे भाषण खोडले गेले. कंसातले रडणेही गेले. त्या संमेलनात आजीची भूमिका त्यानेच केली आणि पुढच्या वर्षी बालनाट्य स्पर्धेसाठी संहिता, प्रयोगाआधी नाटके तपासून मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे गेली, तेव्हा लेखनसाहाय्य म्हणून त्याचे नाव बाईंनी आग्रहाने घालायला लावले.

पुढे पुण्यात महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी माझी एकांकिका भरत नाट्य मंदिरात झाली आणि आज मी शाळकरी मुलांसाठी नाट्यलेखनाची शिबिरे घेते. प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी वह्यांची अदलाबदल होते. आपली मुले लिहीत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. त्यांचे लिहिलेले मोठ्याने वाचून घेणारे आणि ते ऐकत बसणारे मोठे माणूस त्यांना मिळत नाही. अलीकडे अनेक संमेलनांत ध्वनिमुद्रित गाण्यांवरची नृत्येच तेवढी उरली आहेत आणि नाटक बसलेच तर त्याची संहिता आयती मिळवलेली असते, याचे मला फार दुःख होते.

आपल्या शाळेत तो शनिवारचा तास पुन्हा सुरू व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार मी येईन. येताना ती वही आणीन. खोडलेल्या भाषणाशेजारी समासात बाईंच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न अजून वाचता येतो : “म्हैस रंगमंचाच्या कोणत्या बाजूला बांधली आहे?”