तुम्ही विचारलंत म्हणून: दोन नंबरला कशाला उभी राहिलीस?

मंडळाच्या हळदीकुंकवाला, किराणा दुकानात, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे. प्रश्न एकच: "निवडून येणार नव्हतीस, त्यातून गटात दुसरी. मग २०२२ला सिनेटला उभी तरी कशाला राहिलीस?" सिनेट म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संसदेचं वरचं सभागृह. विचारणारे मेलबर्नचेच. ती लांबलचक पांढरी मतपत्रिका त्यांनीही भरलेली असते. तरी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मतपत्रिकेवर एक आडवी रेषा असते: वर गटांचे चौकोन, खाली एकेका उमेदवाराचं नाव. दुसरी होते, कारण एकट्या उमेदवाराला रेषेच्या वर चौकोन मिळत नाही. दोघांचा गट लागतो. नाहीतर पार उजव्या टोकाला सुट्या नावांच्या रांगेत पडायचं, आणि तिथवर पेन्सिल नेणारा मतदार विरळा. आमच्या पहिल्या उमेदवाराला दुसरं नाव हवं होतं, ते माझं. हो, चौकोनापुरतीच! तुम्ही हे टोमणा म्हणून ऐकवता, मी सरळच सांगते.

आणि "येणारच नव्हतीस" हेही जरा जपून. इथे मत म्हणजे १, २, ३ असा पसंतीक्रम. २०१३ला इथून, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यातून, रिकी म्यूर पहिल्या पसंतीच्या ०.५१ टक्के मतांवर सिनेटर झाले. ते पक्षापक्षांतल्या पसंतींच्या सौद्यांमुळे, आणि २०१६ला तो रस्ता बंद झाला, कबूल. पण २०२२ला सहावी, म्हणजे शेवटची जागा राल्फ बॅबेट यांना मिळाली ती पहिल्या पसंतीच्या चारेक टक्क्यांवरच, आणि कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, होता १४.३ टक्के. आम्हाला एक टक्काही पडला नाही, तो भाग वेगळा. चार टक्क्यांच्या आत राहिलं की डिपॉझिटही जातं, माणशी दोन हजार डॉलर. गेले.

पैशाचं दुःख नव्हतं. दुखलं ते अर्ज भरताना, आणि ते कुणी विचारत नाही.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्याला इथे खासदार होता येत नाही; २०१७ला राज्यघटनेच्या या कलम ४४ने भल्याभल्यांची खासदारकी घेतली. तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइससुद्धा वडिलांकडून आलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकत्वामुळे अडकले. तेव्हापासून उमेदवाराला स्वतःचं सोडाच, आईवडील आणि आजीआजोबांचंही लिहून द्यावं लागतं: जन्म कुठे, कधी, नागरिकत्व कुठलं. मी कोल्हापूरला काकांना फोन लावला. आजीची जन्मतारीख?

"तारीख? तिला तरी कुठं ठावं होती? पन्हाळ्याकडं, पावसाळ्यात, एवढंच म्हणायची."

नागरिकत्वाच्या रकान्यात काय लिहू, तेही कळेना. आजी जन्मली ती कोल्हापूर संस्थानात. ते मुंबई राज्यात विलीन झालं १९४९च्या मार्चमध्ये. काकांना हे सांगत बसले, तर ते म्हणाले, "म्हंजे तू तिकडं खासदार हुणार?" म्हटलं, नाही काका, मी दुसऱ्या नंबरला आहे. जरा वेळ तिकडून नुसता टीव्हीचा आवाज. मग, "आनि आता तू आपल्या देशाची न्हाईस, हेबी लिहून देतीस व्हय?"

लिहून द्यायचंच होतं. इथली नागरिक झाले त्याच क्षणी भारताचं नागरिकत्व कायद्याने गेलं होतं. पासपोर्ट परत केल्याचा दाखला कपाटात होता, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे काही नागरिकत्व नव्हे. हे सगळं मला पाठ होतं, आणि काकांना यातलं एक वाक्य सांगता आलं नाही. "ठेवते" म्हटलं. दाखल्याची झेरॉक्स काढताना कागद दोनदा अडकला आणि मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता.

गंमत म्हणजे पुढचा फोन काकांनीच केला. आमचं मतदान २१ मेचं. १० जूनला तिकडे राज्यसभेची निवडणूक. सहा जागा, सात उमेदवार, शेवटच्या जागेला धनंजय महाडिक आणि संजय पवार. "दोघंबी कोल्हापूरचे! रात्रभर जागलो." मोजणीची पद्धत बरीचशी तीच: पसंतीक्रम, कोटा, उरलेली मतं पुढे. फरक एवढाच की तिथे मत देतात आमदार आणि काका टीव्ही बघतात. इथे वरच्या सभागृहालाही ट्राम चालवणारा मत देतो. कॉलेजात असताना मी म्हणायचे, वरचं सभागृह म्हणजे पडलेल्यांची सोय. ती मुलगी आज भेटली तर वाद घालीन. जिंकेनच असं नाही. चौकोनासाठी नाव देणं ही तरी कसली लोकशाही, असं ती विचारील, आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

निकालात माझ्या नावापुढे दोनशेही मतं नव्हती. रेषेवरची मतं पहिल्याच्या खात्यात धरतात, हे मी लोकांना सांगायची. आता सांगत नाही.

२०२५ला पुन्हा विचारलं होतं. "नाही" म्हटलं. का, ते धड सांगता येणार नाही. मतदानाच्या दिवशी मात्र रेषेखाली उतरले, एका गटातल्या दुसऱ्या नंबरच्या अनोळखी बाईला १ दिला आणि पुढे बारापर्यंत आकडे लिहीत गेले. बाहेर, मतदान केंद्रावर विकतात त्या सॉसेजच्या रांगेत नवरा म्हणाला, "घालवलंस ना मत वाया?" वाया जात नाही, ते पुढच्या पसंतीला सरकतं. हे त्याला कितव्यांदा सांगतेय देव जाणे.