खांदा छातीला लागला की जाळीला

कॅनडात आइस हॉकीतला एखादा बॉडी चेक, म्हणजे समोरच्याला अंगाने दिलेला धक्का, क्लीन होता की डर्टी हा वाद कुठेही सुरू करून बघा, टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानाच्या रांगेत सुद्धा, कॉफी थंड होईल पण वाद मिटणार नाही. माझ्या बाबतीत झालं असं की वाद पेटला तेव्हा मी बर्फावर गुडघे टेकून बसले होते आणि ज्या डोक्यावरून सगळे भांडत होते ते डोकं माझ्या दोन हातांत होतं.

मी मूळची सांगलीची, इथे ऑन्टॅरिओत फिजिओ आहे. आठवडाभर क्लिनिकमधे गुडघे नि खांदे बघते आणि वीकेंडला अठरा वर्षांखालच्या मुलांच्या एका टीमची ट्रेनर म्हणून बेंचवर उभी असते. ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारी नाही हं. इथल्या मायनर हॉकीत, म्हणजे मुलांच्या हौशी हॉकीत, ट्रेनर म्हणजे प्रथमोपचारवाला माणूस, कोर्स करून सर्टिफिकेट घेतलेला, आणि तो प्रत्येक टीमच्या बेंचवर असावाच लागतो.

हॉकी म्हटलं की आपल्याकडे ध्यानचंद, आणि त्या हॉकीत अंगाने ढकललं की सरळ फाउल. आइस हॉकीत ढकलणं खेळातच बसतं, फक्त त्याला नियम आहेत. पक, म्हणजे काठीने मारायची रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्यालाच, समोरून किंवा बाजूने, खांद्याने नाहीतर कमरेने. पाठीमागून नाही, उडी मारून नाही, कोपर नाही, काठी नाही, आणि डोक्याला तर अजिबातच नाही. इथे बऱ्याच मुलांच्या जर्सीवर पाठीला लाल स्टॉपचा छोटा पॅच शिवलेला असतो, तो दिसला की मारू नकोस म्हणून. एवढं सगळं स्पष्ट असताना वाद कशाला होतो असं मलाही सुरुवातीला वाटायचं.

तर जानेवारीतला शनिवार, संध्याकाळची मॅच, दुसरा पिरियड, आम्ही एका गोलने मागे. आमच्या डिफेन्समनने मधल्या झोनमधे आमच्या सोळा नंबरला पास दिला, पण तो दिला त्याच्या मागे, स्केट्सपाशी. अशा पासला हॉकीवाले सुइसाइड पास म्हणतात कारण तो घ्यायचा तर मान खाली घालून मागे वळून बघावं लागतं आणि तेवढ्यात पुढून कोण येतंय ते दिसत नाही. पक सोळाच्या स्केटला लागला, तो वळला, आणि समोरच्या टीमचा सत्तावीस नंबर ब्लू लाइनवरून, म्हणजे मधल्या झोनच्या कडेच्या निळ्या रेषेवरून, पुढे आला आणि खांदा घातला. आवाज आला तो काचेवर आपटल्याचा नव्हे, मोकळ्या बर्फावरचा, थड असा. हेल्मेट सुटलं. हनुवटीचा पट्टा ही पोरं कायम सैल ठेवतात, शंभरदा सांगून झालंय. आणि डोकं, उघडं डोकं, मागच्या बाजूने बर्फावर.

त्याचा डावा हात कोपरात वाकून हवेत तसाच ताठ राहिला. याला फेन्सिंग रिस्पॉन्स म्हणतात, तलवारबाजीचा पवित्रा घेतल्यासारखा हात दिसतो म्हणून, आणि तो दिसला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. उठवायचं नाही, बसवायचं नाही, मान हलू द्यायची नाही, अँब्युलन्स.

रेफरीने हात करेपर्यंत ट्रेनरने बर्फावर जायचं नसतं. त्याने केला, आणि मी एका खेळाडूच्या दंडाला धरून घसरत घसरत पोचले. तोपर्यंत आमचा कॅप्टन सत्तावीसच्या अंगावर गेलेला, ग्लोव्हज बर्फावर, लाइनस्मन, म्हणजे रेफरीचे मदतनीस, दोघांना ओढतायत. हे एक इथलं विचित्रच आहे, चेक अगदी नियमात असला तरी आपला माणूस पडला की कुणीतरी जाऊन दोन ठोसे द्यायचेच.

सोळाने डोळे उघडले काही सेकंदांनी. पहिलं वाक्य, गोल झाला का? मी म्हटलं हलू नको, तू कुठे आहेस सांग. त्याने मागच्या आठवड्यातल्या रिंकचं नाव घेतलं. कितवा पिरियड, पहिला म्हणाला. मग परत, गोल झाला का? मी दोन्ही तळवे त्याच्या कानांच्या बाजूने लावून डोकं सरळ धरलेलं. आता यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही ती म्हणजे खांद्याचे जाड पॅड अंगावर आणि हेल्मेट मात्र निघालेलं असलं की डोकं आपोआप मागे पडतं आणि मान ताणली जाते, त्यामुळे डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवायला लागतो, तो पण मान न हलवता. ते केलं. बोटं हलवून दाखव, पायाची पण, मुंग्या येतात का, मानेच्या मधोमध दुखतंय का. बोटं हलली, मुंग्या नव्हत्या. माझी असिस्टंट फोनवर, एक जण दाराशी अँब्युलन्सला वाट दाखवायला उभा, ही कामं सीझनच्या सुरुवातीलाच वाटून ठेवलेली असतात आणि अशा वेळी कळतं की का वाटून ठेवायची. आता गाडी येईपर्यंत मला हात सोडता येणार नव्हते. खाली गुडघे बधिर आणि वर वाद सुरू.

एक रेफरी म्हणतोय खांदा थेट जाळीला, म्हणजे हेल्मेटला तोंडापुढे असते त्या तारांच्या जाळीला, लागला, मी बघितलं. लाइनस्मन म्हणतोय नाही, क्रेस्टला लागला, क्रेस्ट म्हणजे जर्सीवरचा छातीवरचा लोगो, आणि डोकं नंतर खाली आलं. त्यांचा कोच बेंचवर चढून ओरडतोय, शोल्डर टू क्रेस्ट, शोल्डर टू क्रेस्ट! आमचा कोच म्हणतोय त्याच्याकडे पक नव्हताच, स्केटला लागून गेलेला, ही इंटरफिअरन्स आहे. वरून काचेवर आईबाप हाताने बडवतायत. कुणी तरी म्हणालं, हेड अप ठेवायला शिकवा पोराला! आणि तो पोरगा माझ्या हातात विचारतोय, गोल झाला का.

शेवटी रेफरीने मेजर, म्हणजे मोठी पेनल्टी, आणि गेम मिसकंडक्ट दिला, सत्तावीस मॅचबाहेर. सोळाला पॅरामेडिक्सनी झँबोनीच्या, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीच्या, दारातून नेलं. सीटी स्कॅन क्लिअर आला रात्री, त्याचा बाप मला फोनवर म्हणाला देवाची कृपा, काही झालेलं नाही. मला त्याला समजवावं लागलं की सीटीत रक्तस्राव नाही एवढंच कळतं, कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला झालेली इजा, सीटीत दिसत नाही.

मॅचनंतर कॉरिडॉरमधे सत्तावीस नंबर बाकावर बसला होता, हूडी घालून. त्याने मला विचारलं, मी त्याच्या डोक्याला मारलं का? मी खरं ते सांगितलं, की मी बेंचच्या टोकाला होते, मला त्याची पाठ दिसत होती. तो म्हणाला मी खाली वाकलो होतो हो. आणि तो वाकला होता, ते मला दिसलं होतं, गुडघे वाकलेले होते.

पुढचे काही दिवस या क्लिपने डोकं खाल्लं. मॅचचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून कुणीतरी तो तुकडा काढून स्लो करून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. फुल स्पीडला बघितलं तर दोन पोरं एकमेकांवर आदळतात, संपलं. स्लो केलं की सत्तावीस जणू सावकाश विचार करून खांदा वर नेतोय असं दिसतं. 2016 साली अमेरिकेत यावर संशोधन छापून आलं होतं, त्यात अमेरिकन फुटबॉलमधली धडक पण होती, स्लो मोशनमधे बघणाऱ्यांना तीच कृती जास्त मुद्दाम केलेली वाटते. ग्रुपवर मी हे लिहिणार होते, मग म्हटलं नको, कोण वाचतंय.

सोळाचा बाप तर हेल्मेट घेऊन आला प्रॅक्टिसला. जाळीची खालची डावी तार वाकलेली, बघा म्हणाला, हा पुरावा. सगळे भोवती जमून बघतायत, आणि आमचा इक्विपमेंट मॅनेजर, बिचारा कमी बोलणारा माणूस, म्हणाला ती तार नोव्हेंबरातच पक लागून वाकलीय, मी बदल म्हणून सांगितलं होतं.

माझं मत विचाराल तर, आणि सगळ्यांनी विचारलं, कारण मी डोकं धरलं होतं म्हणजे मला जास्त माहिती असणार असा एक समज. माझं मत असं की खांदा आधी छातीला लागला आणि वर सरकत जाळीला घासला. म्हणजे रेफरी आणि लाइनस्मन दोघं बरोबर होते. आणि गंमत अशी की दोन्ही बाजू वेगवेगळी नियमपुस्तकं घेऊन भांडत होत्या. त्यांचा कोच बोलत होता एनएचएलची, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगची, भाषा. तिथे नियम 48 आहे, डोकं हाच धडकेचा मुख्य बिंदू होता का, आणि टाळता येण्यासारखं होतं का, हे बघतात, आणि समोरच्याने ऐन वेळी मान खाली घातली का हेही बघतात. त्या हिशोबाने सत्तावीस बहुतेक सुटला असता. पण मायनर हॉकीत तसं नाही, इथे डोक्याला लागलं की पेनल्टी, चुकून लागलं तरी. टीव्हीवर रोज एनएचएल बघणाऱ्या बापांना हे पचत नाही.

आणि एनएचएलचा नियम तरी काय आभाळातून पडलाय? मार्च 2010 मधे पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डला बाजूने येऊन डोक्यात खांदा मारला, आणि कुकवर काहीच कारवाई झाली नाही कारण तेव्हा ते नियमात बसत होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की 48 आला. त्याच्या दहा वर्षं आधी, मे 2000, स्कॉट स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला असाच ब्लू लाइनवर आडवा केला, लिंड्रॉस पुढचा अख्खा सीझन खेळला नाही, आणि स्टीव्हन्सला साधी पेनल्टीसुद्धा नाही. त्या चेकची क्लिप कित्येक वर्षं बेस्ट हिट्समधे दाखवत होते.

आमच्या पोरांची क्लिप मी बाहेर दाखवू शकत नाही, म्हणून रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा त्यांना ही स्टीव्हन्सची लावून दिली. बाबा जुने कबड्डीवाले, कव्हरला खेळायचे, डॅश हा त्यांचा हातखंडा. पहिल्यांदा बघून म्हणाले, "अगं हा मान खाली घालून का पळतोय? असा चढाईला आला असता तर मी पण सोडला नसता." परत लावा म्हणाले. परत लावली. चौथ्यांदा बघून म्हणाले, "पण खांदा वर कशाला नेला त्यानं? डॅश छातीत मारायचा असतो. हे काही बरोबर नाही." मी म्हटलं बाबा, मगाशी तर तुम्ही म्हणालात. "मगाशी मला नीट दिसलं नव्हतं." आई मागून म्हणाली दोघांना दुसरा विषय नाही का.

आमच्याच एका खेळाडूचे आजोबा, जन्मभर हॉकी खेळलेले, ते म्हणाले हे सगळं होतंय कारण लहानपणी चेक शिकवतच नाहीत आता. हे इथे खूप ऐकायला मिळतं. हॉकी कॅनडाने 2013 मधे अकरा-बारा वर्षांच्या गटातून चेकिंग काढलं, ते उगाच नाही काढलं. 2010 साली एक अभ्यास आला होता, अल्बर्टात त्या वयाला चेकिंग चालायचं, क्विबेकमधे नाही, आणि अल्बर्टाच्या मुलांना मॅचमधे इजा व्हायचा धोका तिपटीहून जास्त निघाला. आजोबांना सांगितलं. ते म्हणाले क्विबेकवाले मऊच असतात. यावर काय बोलणार.

लीगच्या शिस्त समितीने माझ्याकडून लेखी मागितलं. त्यात मी क्लीन हा शब्द वापरला नाही आणि डर्टी पण नाही. काय दिसलं, हात कसा ताठ झाला, किती वेळाने डोळे उघडले, काय प्रश्न विचारले, काय उत्तरं आली. समितीतल्या एकाने फोन करून विचारलं, इजा एवढी मोठी आहे म्हणजे डोक्याला थेट फटका बसला असणार ना? मी म्हटलं असं उलटं जाता येत नाही. कन्कशन व्हायला डोक्याला काही लागावंच लागतं असं नाही, छातीला जोरात दणका बसून मान झटक्याने हलली तरी मेंदू कवटीत हलतो. आणि इथे तर डोकं बर्फावर आपटलं पण होतं. अगदी कायदेशीर चेकने पोरगा महिनाभर घरी बसू शकतो आणि अगदी घाणेरड्या चेकनंतर उठून हसत बेंचवर येऊ शकतो. तो गप्प झाला, मग म्हणाला, हे आम्हाला फार उपयोगाचं नाही. नाहीच आहे. सत्तावीसला त्यांनी काही मॅचेस बाहेर बसवलं, आणि मला ते पटलं, कारण त्याचं डोकं वर असताना सोळाचं खाली होतं, म्हणजे थांबायची संधी दोघांपैकी एकालाच होती.

हे मी कुणाला बोलले तर लगेच, मग पास देणाऱ्याला का नाही शिक्षा? आणि तो मुद्दा खोटा नाही. सगळ्यात जास्त चिडलेला सोळा स्वतः त्यावरच होता. प्रकाशाचा त्रास कमी झाल्यावर पहिल्यांदा रिंकवर आला, तेव्हा म्हणाला चेक क्लीन होता, मी मान खाली घातली, पण तो पास काय पास होता? बाप शेजारी उभा, त्याने ऐकलं आणि म्हणाला डर्टी होता. इथून सुरू झालं ते पार्किंगपर्यंत. आमच्या कोचने मात्र तो मधून जाणारा पास बंदच केला, आता डिफेन्समनने तो दिला की प्रॅक्टिसमधे शिट्टी.

परत खेळायला सहा पायऱ्या असतात, आधी घरातली साधी कामं, मग हलका व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग टीमबरोबर ड्रिल पण धक्का नाही, आणि धक्क्याच्या पायरीआधी डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. सोळा चौथ्या पायरीला आला तसा रोज विचारायला लागला, मला फुल कॉन्टॅक्टला कधी सोडणार. बाप म्हणाला तो तयार आहे, घरी सगळं नॉर्मल आहे, आणि परत तिथूनच चेककडे गाडी वळली, त्या पोराने मुद्दाम खांदा वर नेला वगैरे. मी म्हटलं पत्र आणलंय का? नव्हतं आणलं, घरी राहिलं होतं. मग त्या संध्याकाळी तो पिवळी नॉन-कॉन्टॅक्ट जर्सी घालूनच खेळला, आणि माझ्याशी बोलला नाही.