पिवळे पडलेले हेडलाइट घरीच घासले

जानेवारीत अंबाजोगाईहून लातूरला परत येत होतो. बर्दापूर पाटी मागं पडली आणि एकदम समोर ऊस. आधी ऊस दिसला, ट्रॅक्टर नंतर. दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला म्हणून वाचलो. मी ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं बोटं मोडत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, पण आपला तरी उजेड कुठं पडतोय?"

गाडी 2013 ची, कायम दारात उघड्यावर. उजवा दिवा लिंबाच्या सावलीत असतो, तो जरा बरा. डाव्यावर दुपारभर ऊन, तो पार हळदीच्या दुधासारखा झालेला. मेकॅनिक म्हणाला, शंभर वॅटचा बल्ब टाका. मूळ बल्ब 60/55 वॅटचा. जास्तीचा टाकला की वायरिंग आणि होल्डर तापणार, आणि मळक्या काचेतून उजेड पसरणार तो पसरणारच.

काच म्हणायची सवय, पण ते असतं पॉलिकार्बोनेट. त्यावर कंपनीतून एक कडक पारदर्शक थर येतो, उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवायला. वर्षानुवर्षं ऊन खाऊन आधी तो थर मरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. मला हे नंतर कळलं. त्याआधी दिवाळीत टूथपेस्ट चोळून झाली होती. दिवे लख्ख झाले, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले, आणि महिनाभरात पुन्हा जैसे थे. टूथपेस्टमधली बारीक पूड वरचा मळ खरवडते, एवढंच. राहिलासाहिला थरही माझ्या हातानंच गेला असणार.

या वेळी आधी दिव्यावर पाणी मारून बघितलं. ओला असेपर्यंत दिवा स्वच्छ दिसला, म्हणजे खराबी बाहेरून होती. आतून वाफ धरली असती तर घासून काही उपयोग नव्हता. गंजगोलाईतून 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर (भिजवून घासायचे सँडपेपर) आणि मास्किंग टेप आणली. टेप दुहेरी लावा. मी बॉनेटच्या कडेला एकेरी लावली, तिथं रंगावर बोटभर ओरखडा आहे.

रविवारी सकाळी सातला बसलो. बादलीत पाणी, त्यात शाम्पूचे दोन थेंब, पेपर भिजवून 800 नं आडवं घासायला सुरुवात. पहिली पाच मिनिटं पिवळसर गढूळ पाणी ओघळत होतं, ते बघून बरं वाटलं. पुसून बघितलं तर दिवा पांढराफटक! पलीकडचं काहीच दिसेना. शेजारचे काका दात घासत आले. "काय करायलाव? चांगला दिवा होता की!" पोटात गोळा आला खरा. पण घासताना ओघळणारं पाणी पिवळं यायचं थांबून पांढरं येईपर्यंत आणि जुन्या थराचे नकाशासारखे डाग पूर्ण जाईपर्यंत 800 सोडायचा नाही. तिथं घाई केली की ते डाग शेवटपर्यंत दिसतात. मग 1000 उभा, 1500 आडवा, 2000 पुन्हा उभा. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. एका दिव्याला तास गेला. दुसरी बादली भरताना घरातून आवाज आलाच. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे, इथं बादली मोजूनच मिळते. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटचं पुसणं जारच्या पाण्यानं केलं. तेवढं गुपचूप.

पुढं मी हौसेनं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, लावून डावा दिवा चकाचक केला. क्लिअरचा, म्हणजे नव्या पारदर्शक थराचा, स्प्रे मारणार, तेवढ्यात गल्लीतले पेंटर चाचा थांबले. म्हणाले, "गुळगुळीत काचेवर क्लिअर धरत नसतंय भाऊ, सोलून निघंल. कंपाउंडचं तेल काढा, परत 2000 मारा." मी थिनरची बाटली उचलली, तर ती त्यांनी हातातून काढूनच घेतली. पॉलिकार्बोनेटला थिनर लागलं की बारीक तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं. ओरखडे राहिले तरी चालतात. बारीक असतील तर क्लिअर भरून काढतं.

स्प्रेचा डबा हार्डनरवाला, म्हणजे थर कडक करणारं रसायन वेगळं असलेला, होता. तळाचं बटण दाबलं की हार्डनर आत मिसळतो, आणि मग डबा ठेवून चालत नाही, वापरून टाकावा लागतो. त्याचा वास साधा नव्हे, अंगावर घेऊ नये. मी रंगकामाचा फिल्टरवाला मास्क लावून, मोकळ्यावर, पोरांना आत पाठवून मारला. पहिला हात अगदी हलका, दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा जरा ओला. त्या ओल्या हाताला दिवा डोळ्यांदेखत पारदर्शक झाला. आतला रिफ्लेक्टर, बल्बची टोपी, सगळं दिसायला लागलं. काका बघायला परत आले, पण बोलले काही नाहीत.

गाडी दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवली नाही. पुढच्या शनिवारी रात्री मुद्दाम रेणापूरपर्यंत जाऊन आलो. मैलाचा दगड लांबूनच वाचता आला. ट्रॉल्या भेटल्या, तशाच, बिनदिव्याच्या. पण या वेळी ट्रॅक्टर आधी दिसला.

डाव्या दिव्यात, खालच्या कोपऱ्यात, क्लिअरमध्ये एक चिलट अडकलंय. पंखांसकट दिसतं. ते काढायचं तर पुन्हा 800 पासून, म्हणून राहू दिलंय.