गच्चीवरचा रूट पोर्ट अखेर वळला

मंडळी, गच्चीच्या स्विचने शेवटी ऐकलं! घरात नेटवर्कचे तीन स्विच फेऱ्यात जोडलेत आणि त्यांवर आरएसटीपी (फेरा तोडायला जादा वाट बंद ठेवणारा प्रोटोकॉल) चालू आहे. हॉलचा स्विच रूट, म्हणजे बाकीच्यांनी ज्याच्यापर्यंतची वाट मोजायची तो; प्रायॉरिटी ४०९६, लहान आकडा जिंकतो. तिथून भिंतीतली जुनी वायर थेट गच्चीवर, १०० एमबीपीएसच्या वर न जाणारी. दुसरी वाट जिन्यातल्या स्विचमधून, दोन्ही टप्पे गिगाबिट.

गच्चीचा रूट पोर्ट (रूटकडे जाणाऱ्या सर्वांत स्वस्त वाटेचा) जिन्याकडचाच हवा. पण तो जुनीच वायर धरून बसलेला, आणि जिन्यातल्या स्विचचा गच्चीकडचा पोर्ट ऑल्टरनेट (राखीव), डिस्कार्डिंगमध्ये, म्हणजे डेटा पुढे न नेणारा. म्हणजे चांगली लाइन बंद आणि रडतखडत चालणारी चालू. प्रायॉरिटी तपासली, पॅचकॉर्ड बदलले, ढिम्म फरक नाही.

मग वायरशार्क (पॅकेट पाहायचं सॉफ्टवेअर) लावून बीपीडीयू, म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते निरोप, उघडले. हॉलकडून येणाऱ्यात रूट पाथ कॉस्ट (रूटपर्यंतच्या वाटेचा खर्च, कमी तो जिंकतो) ०. जिन्याकडून, वायर पुन्हा लावल्यावर सुरुवातीला येणाऱ्यात, २००००. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. गच्चीचा स्विच जुन्या कोष्टकाने मोजतो: १०० एमबीपीएसला १९, गिगाबिटला ४. जिन्यातला नव्या, ३२ बिटांच्या कोष्टकाने: गिगाबिटला २००००. बीपीडीयू ज्या पोर्टवर येतो त्या पोर्टची कॉस्ट त्यात मिळवायची, हा नियम. त्यामुळे गच्चीच्या हिशोबात थेट वाट १९ ची आणि जिन्याची २०००४ ची. पुढचंही ओघाने आलं: दोघांमधल्या वायरवर गच्ची १९ सांगते, जिना २००००, म्हणून डेझिग्नेटेडचा (त्या वायरवर डेटा चालू ठेवणाऱ्या पोर्टचा) मान गच्चीला आणि ऑल्टरनेट जिन्याच्या वाट्याला. प्रोटोकॉलने कुठेही चूक केली नव्हती; दोन स्विच दोन मापांनी मोजत होते.

गच्चीच्या स्विचला लाँग पद्धत, म्हणजे ते नवं कोष्टक, दिली. आता थेट २०००००, जिन्यामार्गे ४००००. एंटर दाबल्याबरोबर जिन्याकडचा पोर्ट रूट झाला, जुन्या वायरचा ऑल्टरनेट. पिंग चालू ठेवून गिगाबिटची वायर उपसली, तर जेमतेम एक पिंग चुकला. ऑल्टरनेट आधीपासून तयार उभा असतो, त्याचं हे फळ. आरएसटीपीआधीच्या जुन्या एसटीपीत ३० सेकंद नुसतं बघत बसावं लागलं असतं.

एक सांगतो, कन्सोल (थेट आज्ञा द्यायचा पोर्ट) नसलेला स्विच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. माझ्याकडच्या एकाच्या वेब पानावर ‘आरएसटीपी चालू’ एवढंच दिसतं, रोल दिसतच नाहीत. हे कोडं त्यावर सुटलंच नसतं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीच्या भंगारात कंपन्यांतून निघालेले कन्सोलवाले स्विच मिळतात, थोडी धूळ झटकायची तयारी ठेवा.

तिथेच एक जुना हब (आलेला सिग्नल बाकी सगळ्या पोर्टांवर सोडणारा डबा) हाती लागला! गच्चीच्या स्विचचे पोर्ट ५ आणि ६ दोन्ही त्यात खोचले: ५ डेझिग्नेटेड, ६ बॅकअप. पोर्ट आयडी लहान म्हणून ५ जिंकला. बॅकअप रोल प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिला, आजवर फक्त आकृतीत होता. त्यासाठी एकाच स्विचचे दोन पोर्ट एकाच सामायिक सेगमेंटवर लागतात, आणि हब आता कोण वापरतं?

पुढे एमएसटीपी (व्हीलॅनच्या गटागटाला वेगळी वाट देणारा प्रकार) घेणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, आधी हबच पिळून घेऊ. हबवर हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं), म्हणजे लिंक पॉइंट-टू-पॉइंट नाही, म्हणजे प्रपोजल-अ‍ॅग्रीमेंट ही दोन स्विचांमधली झटपट बोलणी नाही, सगळं टायमरवर. रविवारी पोर्ट ५ ची वायर काढून ६ फॉरवर्डिंगला यायला किती वेळ घेतो ते मोजतो. एमएसटीपी त्यानंतर.