तुम्ही विचारलंत म्हणून: पेनसाठी ऑलिव्हचं लाकूड कुठून घेता?

आमच्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेला लागून माझं एक टेबल असतं. वर मी लेथवर कातलेली लाकडी पेनं. लोक पेन उचलतात, टोपण ओढून बघतात (ते ओढायचं नसतं, फिरवायचं असतं), मग नाकाशी नेतात. आणि मग दोनपैकी एक प्रश्न येतो. बहुतेकांचा असतो, "काकू, हे कुठलं लाकूड?" पण दर वर्षी दोघंतिघं असे भेटतात ज्यांनी निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये छोटा लेथ आणून ठेवलाय. ते बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ऑलिव्ह तुम्ही घेता कुठून? आम्ही मागवलं तर फसणार नाही ना?"

फसाल. मीही फसले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात मिळतो तो पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब ठोकळा. त्याला ब्लँक म्हणतात. साध्या सडपातळ पेनाला सात मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या लागतात, प्रत्येकी त्रेपन्न मिलिमीटरच्या आसपास. ठोकळा मधोमध कापायचा, दोन्ही तुकड्यांना आरपार भोक पाडायचं, नळ्या चिकटवायच्या आणि लेथवर चढवून लाकूड उतरवत न्यायचं. पाच इंच म्हणजे एकशे सत्तावीस मिलिमीटर, तेव्हा लांबी पुरते. खरी गंमत जाडीत आहे. पेन तयार झालं की टोकाशी त्याचा व्यास साडेआठ मिलिमीटरच्याही आत असतो. आत नळी सातची. म्हणजे टोकाला लाकूड उरतं एक मिलिमीटरपेक्षाही कमी. माझे बाबा भोसरीत एका कारखान्यात टर्नर होते, त्यांचा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, अजून माझ्याकडे आहे. त्याने पहिल्यांदा ते माप घेतलं तेव्हा वाटलं, हे लाकूड कसलं, ही तर केळ्याची साल.

तेव्हा विकत घेताना आपण पाच इंचांचे पैसे देत असलो, तरी पेनात उरते ती ही साल. ती ओली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

आणि ऑलिव्ह वाळायला महाकंजूस. लाकूड घट्ट, तेलकट, दाण्याने बारीक. पाणी सोडायला तयार होत नाही आणि सोडलंच तर एका बाजूने आधी, दुसऱ्या बाजूने नंतर. मग वाकतं, चिरतं. कित्येक विक्रेते म्हणून ठोकळा मेणात बुडवून देतात. मेण दिसलं की समजायचं, आत पाणी आहे. यात लबाडी काही नाही, मेण नसतं तर तो ठोकळा वाटेतच फुटला असता. लबाडी आहे ती मेणातल्या ठोकळ्याला 'वापरायला तयार' म्हणण्यात.

माझी फसगत अशी झाली. मंडळाच्या मराठी शाळेतल्या एक बाई निवृत्त होणार होत्या. मी हौसेने ऑलिव्ह मागवलं. पाकिटावर 'पूर्ण वाळलेलं' असं छापलेलं. ऑगस्टात पेन केलं, रेषा अशा सुंदर जमल्या की दोन दिवस मीच त्याने वाणसामानाच्या याद्या लिहिल्या. जानेवारीत बाईंचा फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाल्या, "अगं, पेनाला काहीतरी झालंय, पण तू मनाला लावून घेऊ नकोस." जाऊन पाहिलं तर टोपणाच्या टोकापासून वर गेलेली एक चीर, केसाएवढी, डोळ्याला जेमतेम दिसणारी, पण नख अडकत होतं. ऑगस्टात इथली हवा दमट, जानेवारीत घरोघर हीटर चालू, आतली हवा कोरडी ठणठणीत. उरलेलं पाणी गेलं, लाकूड आकसलं. आतली पितळी नळी काही आकसत नाही. मग दुसरं काय होणार?

तेव्हापासून मी लेबल वाचत नाही, वजन करते. हिशेब सोपा आहे. पाऊण बाय पाऊण बाय पाच इंच म्हणजे साधारण शेहेचाळीस घनसेंटिमीटर. वाळलेलं ऑलिव्ह पाण्यापेक्षा किंचितच हलकं किंवा जवळपास तेवढंच जड. म्हणजे वाळलेला ठोकळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, झाडागणिक थोडं इकडेतिकडे. माझ्या स्वयंपाकघरात केकसाठी आणलेला काटा आहे, त्यावर परवा आलेला एक ठोकळा अठ्ठावन्न ग्रॅम भरला. बाजूंचं मेण मी खरवडून काढते, दोन्ही टोकांचं राहू देते, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने पळतं. अंगावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून फडताळात वर ठेवायचं. दर रविवारी पुन्हा वजन. लागोपाठ चार रविवार आकडा हलला नाही की ठोकळा तयार. मायक्रोवेव्हमध्ये वाळवायच्या युक्त्या मी करून पाहिल्या आहेत. घरात वास छान सुटतो, एवढाच फायदा.

पुढचा प्रश्न नेहमी बेथलेहेमचा, येशूच्या जन्मगावाचा येतो. तिथलंच घ्यावं का? इथल्या बाजारात 'बेथलेहेम ऑलिव्ह' नावाला वेगळा भाव आहे, सोबत कधी कधी प्रमाणपत्राचा कागदही येतो. बेथलेहेम आणि शेजारच्या बेत साहूरमध्ये ऑलिव्हवर कोरीवकाम करणारे कारखाने खरोखरच आहेत. यात्रेकरूंसाठी क्रूस, जपमाळा, गव्हाणीतले देखावे ते पिढ्यान् पिढ्या करत आलेत. फळं देणारं झाड तिथे सहसा कोणी लाकडासाठी पाडत नाही. फळं उतरली की छाटणी होते, म्हातारे बुंधे अधूनमधून निघतात, त्यातून हे लाकूड येतं. त्यामुळेच ते आखूड, गाठींचं आणि वेड्यावाकड्या रेषांचं असतं. मधाच्या रंगावर कॉफी सांडल्यासारख्या रेषा. पण खरं सांगू, तसंच लाकूड इटलीचंही असतं आणि ट्युनिशियाचंही. ठोकळा हातात घेऊन गाव ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला, पुलिया प्रांतात, २०१३ साली झायलेला नावाच्या जिवाणूची लागण सापडली आणि नंतर तिथली लाखो झाडं उभ्या उभ्या वाळली. त्यांची नुसती छायाचित्रं पाहिली तरी पोटात तुटतं. तेव्हा दुसऱ्या गावाचं लाकूड कमी गोष्टीचं असतं, असंही नाही.

स्वतःसाठी किंवा टेबलावर मांडायला पेन करत असाल तर नावाचे पैसे देऊ नका. तेच पैसे ठोकळ्याचा खराखुरा फोटो दाखवून तोच ठोकळा पाठवणाऱ्याला द्या. फोटोत दोन्ही टोकं पाहायची. टोकाशी गाठ असेल तर सोडून द्यायचं, कितीही देखणी असो, कारण तिथेच लाकूड सर्वांत पातळ होणार. ठोकळा कापल्यावर गाठ एखाद्या तुकड्याच्या मधे येणार असेल तर चालेल. तिरके कापलेले ठोकळे मिळतात, त्यात रेषा पेनावर आडव्यातिडव्या उतरतात, दिसतात फार छान, पण भोक पाडताना हमखास टवका उडतो. पहिल्या पाच पेनांत त्या वाटेला जाऊ नका.

अजून एक, थोडं घरगुती. घरसामानाच्या दुकानात सेल लागला की ऑलिव्हच्या लाकडी पाट्या येतात, चीज कापायच्या. त्या बहुधा आधीच वाळलेल्या असतात. तरी कापल्यावर तुकडे काट्यावर ठेवायचेच. जाडी पाऊण इंचाला किंचित कमी भरते, पण सडपातळ पेनाला पुरून उरते. एका पाटीत माझी आठ पेनं निघाली. नवरा म्हणाला, "चीज कशावर कापायचं?" आम्ही चीज खात नाही.

भोक पाडताना घाई करू नका. ड्रिल तापलं की हे लाकूड आतून चिरतं. दर अर्ध्या इंचाला बाहेर काढून भुसा झाडा. नळी चिकटवण्याआधी आतून ॲसिटोन फिरवा, तेलावर गोंद धरत नाही. मास्क लावा, ऑलिव्हच्या भुशाने काहींना शिंका आणि पुरळ येतं. बाकी लेथवर पहिली ढलपी निघाली की गॅरेजभर जो गोडसर वास पसरतो, त्यासाठीच मी निम्मा उद्योग करते. दुर्दैवाने वरून सुपरग्लूचा चकचकीत थर दिला की तो वास संपतो. टेबलाशी पेन हुंगणाऱ्यांना हे सांगायला माझं धाडस होत नाही.

भारतातून भाचा विचारतो, मला दहा ठोकळे आणशील का? नाही. परदेशी लाकडाला वनस्पती संगरोधाचे, म्हणजे क्वारंटाइनचे, नियम लागू होतात, प्रमाणपत्रं लागतात, मी त्या फंदात पडत नाही. तयार पेनं घेऊन जाते.

नावाचे पैसे मी एकदाच मुद्दाम दिलेत, आणि ते या वर्षी. टेबलाशी एक आजी आल्या, मूळच्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर), ख्रिस्ती. पेन उलटसुलट करून म्हणाल्या, "हे जैतुनाचं ना?" मी इतकी वर्षं ऑलिव्ह-ऑलिव्ह करतेय, जैतून शब्द तोंडात आलाच नव्हता. त्यांच्या मराठी बायबलात तो लहानपणापासून आहे, जैतुनांचा डोंगर. त्यांना नातवाच्या लग्नात द्यायला पेन हवं होतं, पण बेथलेहेमचंच. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की कागद येतो, खात्री मी देऊ शकत नाही. येशूच्या काळातलं झाड वगैरे कोणी म्हणालं तर मुळीच मानू नका. जेरुसलेममधल्या गेथशेमाने बागेतली आठ जुनी झाडं सगळ्यांत नावाजलेली. २०१२ मध्ये इटालियन संशोधकांनी त्यांतल्या तिघांच्या खोडांचं वय काढलं, ते बाराव्या शतकाच्या आसपास निघालं. आजींनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे ज्ञानोबांच्याही आधीचं की!" म्हणाल्या, आणि आगाऊ पैसे ठेवून गेल्या.

अठ्ठावन्न ग्रॅमचा तो ठोकळा त्यांचाच. आता एकोणपन्नासवर आलाय. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, हल्ली नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "आज किती?"