तुम्ही विचारलंत म्हणून: क्ष = क्ष + १

मी प्रोग्रॅमर आहे हे कळलं की पहिला प्रश्न असतो लॅपटॉप स्लो का झालाय, आणि दुसरा हल्ली बऱ्याचदा असा, की ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड, फंक्शनल वगैरे काय भानगड असते, पोराच्या सिलॅबसमध्ये प्रोग्रॅमिंग पॅराडाइम असं लिहिलंय, म्हणजे वेगवेगळ्या लँग्वेज का? लँग्वेज नाही. आधी मी 'विचार करायची पद्धत' असं सांगून मोकळा व्हायचो, समोरचा मान हलवायचा आणि त्याला घंटा काही कळलेलं नसायचं. आता मी फक्त एक ओळ लिहून दाखवतो, वर टायटलमध्ये आहे तीच.

माझ्या मावशीने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ती बघताक्षणी म्हणाली, "हे चूक आहे रे. दोन्हीकडून क्ष काढून टाक, शून्य बरोबर एक उरतं." बरोबरच आहे तिचं. पण फोरट्रानपासून पायथॉनपर्यंत ढीगभर लँग्वेजमध्ये ही ओळ बिनतक्रार चालते, कारण तिथे क्ष ही संख्या नसून डबा आहे. डब्यात आत्ता जे आहे ते बघ, त्यात एक मिळव, जे येईल ते परत त्याच डब्यात ठेव. ते चिन्ह 'बरोबर आहे' म्हणत नाही, 'ठेव' म्हणतं. (अल्गोल आणि पास्कलने निदान लाज राखून त्यासाठी := असं वेगळं चिन्ह घेतलं, फोरट्रान आणि सीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.)

आता एक्सेल उघडा आणि ए१ सेलमध्येच =ए१+१ टाका. सर्क्युलर रेफरन्सची, म्हणजे सेल स्वतःवरच अवलंबून असल्याची वॉर्निंग येईल, ओके केलंत की सेलमध्ये ० दिसेल. सेटिंग बदलून हे चालवता येतं, पण ते राहू दे. मुद्दा असा की तीच ओळ इथे निरर्थक ठरली, कारण फॉर्म्युल्यात आधी आणि नंतर असं काही नसतंच, कोण कशावर अवलंबून आहे एवढंच असतं. सी१ मध्ये ए१ अधिक बी१ लिहिताना तुम्ही 'हे कर, मग ते कर' असं सांगत नाही, सी१ म्हणजे काय ते सांगता, क्रमाचं एक्सेल बघून घेतं. म्हणजे हिशोबाची शीट बनवणाऱ्या प्रत्येकाने फंक्शनल वळणाचं प्रोग्रॅमिंग ऑलरेडी केलेलं आहे, त्यांना कुणी सांगितलं नाही इतकंच.

तर क्ष हा डबा समजायचा की नुसतं नाव, या पद्धतींमधल्या भांडणाचं मूळ बरंचसं इथे आहे. आणि भांडण फालतू नाही. माझ्याकडे एकदा दोन याद्या होत्या, एकीत नावं, दुसरीत त्याच क्रमाने मार्क, ७२, ३५, ८८. मधला मार्क कुठला ते काढायला मी मार्कांची यादी दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनला (म्हणजे एक ठराविक काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला) दिली, त्याने उत्तर बरोबर दिलं, ७२, पण ते काढताना माझीच यादी चढत्या क्रमाने लावून ठेवली, ३५, ७२, ८८. नावं जागच्या जागी. पहिल्या नावापुढे ७२ चे ३५ झाले, प्रोग्रॅम कुठेही अडला नाही, एरर नाही, आणि मी अख्खा दिवस भलत्याच ठिकाणी शोधत बसलो. पायथॉनमध्ये सॉर्ट आणि सॉर्टेड अशा दोन गोष्टी आहेत, पहिली तुमचीच यादी हलवते, दुसरी नवीन करून देते, एवढाच फरक होता. फंक्शनलवाले म्हणतात की एकदा दिलेली किंमत बदलायचीच नाही, हवं तर नवीन बनवा. त्या दिवशी मला ते पटलं.

बरं, हे फक्त आमच्यासारख्यांनाच वाटतं असंही नाही. १९५७ साली फोरट्रान आणणाऱ्या आयबीएमच्या टीमचा प्रमुख जॉन बॅकस, त्याला १९७७ चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं सगळ्यात मानाचं बक्षीस मिळालं, आणि ते घेतानाच्या भाषणात त्याने ही डब्यात ठेवायची पद्धतच सगळ्याच्या मुळाशी अडचण आहे म्हणून झोडपली आणि फंक्शनल पद्धत मांडली. स्वतःच्या सत्कारात!

ऑब्जेक्टवाल्यांचं म्हणणं वेगळं. नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ केली ती खऱ्या जगातल्या गोष्टींची नक्कल चालवायला, तिथून हे वळण आलं. डबे असू देत, बदलू देत, पण प्रत्येकाला मालक हवा (तोच ऑब्जेक्ट), बाहेरच्याने हात घालायचा नाही, मालकाला सांगायचं. आणि डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल या लँग्वेजमध्ये तर कसं शोधायचं हे सांगतच नाही, काय हवंय ते सांगतो.

यातलं चांगलं कुठलं हे विचारू नका, मी दिवसभरात सगळंच थोडं थोडं वापरतो, जावानेही २०१४ मध्ये फंक्शनलवाल्यांचं लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, घेतलंच की.

मावशीला एवढं सगळं सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "पण तुझ्या त्या डब्यात सगळ्यात आधी काय असतं?" म्हटलं लँग्वेजवर आहे, सीमध्ये फंक्शनच्या आत डबा घेतला आणि काही ठेवायला विसरलो तर आधीचं जे काय पडलेलं असेल ते, आम्ही त्याला गार्बेज म्हणतो.

"आणि त्यात तुम्ही एक मिळवता?"

हो.